रुखवतावर नाव नवरीचं, टाके आजीचे

खणभागवाला

नमस्कार मंडळी. सांगली, मिरज, माधवनगर, बुधगाव या पट्ट्यात साधारण १९५० ते १९८० च्या काळात ज्यांच्या घरी मुलीचं लग्न झालं, त्यांच्यासाठी हा धागा आहे. जुन्या ट्रंकेत रुखवतातले रुमाल, उशीचे अभ्रे, टेबलक्लॉथ पडून असतील तर एकदा बाहेर काढून बघा. त्यातले काही माझ्या आजीनं भरलेले असू शकतात. परत नको आहेत. फक्त बघायचे आहेत, फोटोत का होईना.

आजी गेल्या महिन्यात गेली, ब्याण्णव पूर्ण करून. भेटायला आलेली जवळजवळ प्रत्येक बाई एकच वाक्य बोलून गेली, ‘भरतकामाची भारी हौस हो त्यांना.’ होतीच हौस. पण त्याच हौसेवर घरातलं दूध, वाणसामान आणि पुढे माझ्या वडिलांची कॉलेजची फी निघत होती, हे काही कुणाच्या बोलण्यात आलं नाही. येणार तरी कसं? निम्म्या जणींना ते ठाऊक नव्हतं आणि उरलेल्या निम्म्यांना बोलून दाखवायचं नव्हतं.

थोडं मागचं सांगतो. तिच्या सासरचं गावाकडचं घर १९४८ च्या, गांधीहत्येनंतरच्या जळितात गेलं. माणसं वाचली, सांगलीत आली, खणभागात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. आजोबा कापड पेठेत एका दुकानात दिवाणजी. आजी १९५० साली लग्न होऊन याच दोन खोल्यांत आली. तेव्हा आपला जिल्हा ‘दक्षिण सातारा’, सांगली हे नाव १९६० मध्ये लागलं. तिच्या माहेरून आलेल्या जुन्या कार्डांवर पत्ता तसाच आहे. माहेरून काय आणलं म्हणाल तर सातवीची फायनल आणि हातातली कला.

आजी डावखुरी. शाळेत हातावर पट्ट्या खाऊन लिहायला आणि जेवायला उजवा हात शिकली. सुई मात्र उजव्या हातात बसेना. शेवटी शिवणाच्या बाईंनीच ‘राहू दे हिचा तो हात’ म्हणून सोडून दिलं. पुढे हे उपयोगी पडणार आहे म्हणून सांगून ठेवतो.

धंदा असा चालायचा. मुलगी मॅट्रिकला नाहीतर इंटरला. सुई धरायला वेळ नाही, काहींना धरताच यायची नाही. लग्न ठरलं की तिची आई भर दुपारी, गल्लीत सामसूम असताना, पिशवीत कापड घालून आमच्याकडे यायची. आवाज खाली. ‘दोन अभ्रे, एक टेबलक्लॉथ, एक टीव्हीवर घालायला.’ (टीव्ही नंतरचा, आधी रेडिओवर घालायला असायचं.) मांडवात हे सगळं टेबलावर मांडलं जायचं आणि वर रंगीत शाईत पाटी, ‘चि. सौ. कां. अमुक हिने स्वतः केलेले’. आजी त्या लग्नांना जायची. रुखवताभोवती बायका जमलेल्या असायच्या, त्यांच्यात उभी राहून तीही म्हणायची, ‘छान हात आहे हो पोरीचा.’ मी तेव्हा हाफचड्डीतला. एका लग्नात मोठ्यानं म्हणालो, ‘आजी, हा पोपट आपल्या घरी होता की.’ दंडाला असा चिमटा बसला की पंगतीत डाव्या हाताला जेवायचं काम असतं तर उपाशीच उठलो असतो.

तिची हिशेबाची वही माझ्याकडे आहे. तीत एकही नाव नाही. ‘गणपती पेठ, थोरली, मोर २ जोडी.’ ‘वखारभाग, चष्मेवाली, टे. क्लॉथ, कडेनं द्राक्षं.’ असं सगळं. १९५७ च्या मार्चपर्यंत हिशेब रुपये-आणे-पैंचा, एप्रिलपासून नवे पैसे. मधलं एक पान नुसत्या खाडाखोडीनं भरलंय, सहा आण्यांचे किती नवे पैसे धरायचे म्हणून. काही नोंदींपुढे पैसे नाहीतच. ‘हळकुंडं’, ‘आंबेमोहर’, ‘जुनं इरकल, काठ चांगले’ असं लिहिलंय.

ओळखायचं कसं? देठ बघा. देठाच्या टाक्याला पीळ पडलेला दिसतो. इतर बायकांच्या कामात तो ज्या अंगाला कलतो, त्याच्या उलट अंगाला आजीच्या कामात कललेला असेल. डाव्या हाताचा गुण तो.

मिरज_जंक्शन

वाचून हसू आवरेना. माझं लग्न १९७४ चं, मिरजेचं माहेर. मी विलिंग्डनला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, प्रॅक्टिकल्स, जर्नलं, कुठला वेळ! आमच्या ब्राह्मणपुरीत अशाच एक बाई होत्या, त्यांनी माझं सगळं रुखवत भरून दिलं. पाटी माझ्या भावानं लिहिली, तीसुद्धा झोकात. खरी गंमत पुढे. सासरी पहिल्याच वर्षी नणंदेचं ठरलं आणि सासूबाई म्हणाल्या, ‘आता बाहेर कशाला द्यायचं? घरात एवढी हुशार सून आहे.’ मी दोन दिवस डोकं दुखतंय म्हणून काढले. तिसऱ्या दिवशी सासूबाईच माझ्या खोलीत आल्या, दार लोटलं आणि म्हणाल्या, ‘तुझं कुणाकडून केलं होतंस? पत्ता दे.’ त्यांच्याही वेळी तसंच झालेलं असणार!

निर्विकार

लिहिलंय चांगलं, पण एक विचारू का? याला फसवणूकच म्हणायचं ना? मुलाकडचे ते बघून मुलीची पारख करायचे. आजींचे कष्ट मान्य, पण आता त्याला एवढं गोंजारायचं कशाला?

मिरज_जंक्शन

निर्विकार, कुणीही त्यावरून पारख करत नव्हतं हो. केली असती तर मी आज इथे लिहायला नसते. दोन्हीकडच्या बायकांना सगळं ठाऊक असायचं. पुरुषांना तेवढं ठाऊक नसायचं.

खणभागवाला

निर्विकार, गोंजारत नाही, उलट मला त्याचा थोडा रागच येतो. फसवणूक झालीच असेल तर ती आजीची. आयुष्यभर केलेल्या कामावर तिचं नाव एकाही ठिकाणी नाही. आणि नाव नाही म्हणून दरही नाही. ‘घरबसल्याच तर करता’ म्हणून घासाघीस. तोंड उघडायची सोय नव्हती, कारण एकीचं बाहेर फुटलं की दुसरी आलीच नसती.

सोन्याची_सुई

खणभागवाला दादा, देठावरून ओळख पटेल असं मला नाही वाटत. मी भरतकाम शिकवते म्हणून सांगते. देठाचा टाका घालताना दोरा सुईच्या खालच्या अंगाला ठेवला तर पीळ एकीकडे पडतो, वरच्या अंगाला ठेवला तर दुसरीकडे. उजव्या हाताची बाईसुद्धा दोरा वर ठेवून आजींसारखाच पीळ पाडू शकते. माझ्या क्लासमध्ये निम्म्या मुली असंच करतात, कितीही सांगा.

काजाचा टाका घातलेली कड असेल तर तिचे कोपरे बघा. कोपरा प्रत्येकीचा वेगळा असतो, तिथे लबाडी चालत नाही.

खणभागवाला

वा ताई, हे कामाचं सांगितलंत. कोपरा आहे की! आजी कोपऱ्यावर एकाच भोकातून तीन टाके फाकवायची, मधला जरा लांब. आणि मागची बाजू उलटून बघा, कुठेही गाठ नाही. दोऱ्याचं टोक आधीच्या टाक्यांखालून नेऊन दाबलेलं. गाठ मारलेली दिसली की ‘ही काय पोत्याची शिलाई आहे?’ म्हणायची. देठ, कोपरा आणि बिनगाठीची पाठ, तिन्ही जुळलं तर माझ्या दृष्टीनं ते आजीचंच.

चिंचपट्टी

आजी डिझाइनं कुठून उतरवायच्या? आमच्या आईकडे कार्बन असायचा, पण त्याचे डाग जाता जायचे नाहीत.

खणभागवाला

कार्बनला ती हात लावायची नाही. खाका करायची. ट्रेसिंग पेपरवर नक्षी काढायची, मग घडी केलेल्या चादरीवर तो कागद पसरून रेघेवरून टाचणीनं बारीक बारीक भोकं पाडत जायची, तांदळाच्या दाण्यात दोन भोकं बसतील इतकी जवळ. कागद उजेडापुढे धरला की मोर उजेडाचा दिसायचा. खालची खरखरीत बाजू काचकागदानं हलकेच घासायची, नाहीतर भोकं पुन्हा मिटतात. वाटीत थोडं रॉकेल, त्यात नीळ कालवायची. कापडावर खाका टाचण्यांनी पक्का करून त्या निळ्या रॉकेलमध्ये चिंधीचा बोळा बुडवायचा, घट्ट पिळायचा आणि भोकांवरून एकाच दिशेनं फिरवायचा. बोळा जरा जरी ओला राहिला तर मोराची बदक झालीच म्हणून समजा. कागद उचलला की खाली निळ्या ठिपक्यांची नक्षी. रॉकेल उडून जातं, निळीचे ठिपके टाक्यांखाली झाकतात, उरलेले पहिल्या धुण्यात जातात. एका खाक्यावर वर्षानुवर्षं काम निघायचं. खाका तिची इस्टेट होती, कुणाला उसना देताना जीव वरखाली व्हायचा.

माणदेशी_गडी

सगळे रुखवताचं बोलताय म्हणून आमच्याकडचं सांगतो. आम्ही माणचे, म्हसवडच्या अलीकडं आमचं गाव. आमच्या आज्जीला मोर-पोपट माहीत नव्हते. तिचं काम म्हणजे वाकळ. (पुण्यात गेल्यावर कळलं की तिला गोधडी म्हणतात आणि ती दुकानात टांगून विकतात.)

फाटकी लुगडी धुऊन, उन्हात कडक वाळवून, अंगणात पसरायची. चार कोपऱ्यांवर चार दगडं. आत धोतरं, सदऱ्याच्या पाठी, पोरांच्या चड्ड्या, जे असंल ते, वरनं सगळ्यात धडकं लुगडं. मग कडेनं सुरुवात. धावदोरा घालत चारी बाजूनं आत आत यायचं, मधी येऊन संपवायचं. दोन बाया समोरासमोर बसल्या तर लवकर व्हायची. आज्जीचा दोरा इकत आणलेला नसायचा, जुन्या लुगड्याच्या काठातनं उसवून पिळलेला असायचा.

७२ च्या दुष्काळात दिवसभर खडी फोडायची आणि रातच्याला वाकळ घ्यायची मांडीवर. मी बारका होतो. ती म्हणायची, हात नुसता ठेवला की दुखतोय, चालता ठेवला की दुखत न्हाई. आता ह्यात हौस किती आणि गरज किती ते तुम्हीच बघा. पण एक सांगतो, निळ्या लुगड्याशेजारी निळा तुकडा तिनं कधी येऊ दिला न्हाई. अंधारात पण तुकडे वर धरून बघायची.

पाटण_खोरे

माणदेशी, वाकळेवरनं आठवलं. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, कोयनेचा भूकंप. आमचं घर बसलं, नशिबानं सगळे बाहेर निघाले. पुढे कितीतरी रात्री डिसेंबरच्या थंडीत उघड्यावर काढल्या, कारण आत झोपायचा कुणाचा धीर होईना. घोंगडी खाली, वाकळ वर. घरातनं पहिल्यांदा काय ओढून काढलं तर माणसांनंतर वाकळाच.

जुना_खोड

खणभागवाला, जळिताचा विषय काढलाच आहेस तर त्या वेळी आमच्या वाळवे तालुक्यात खरं काय झालं आणि नंतर काय काय सांगितलं गेलं, यावर

व्यवस्थापक

जुना_खोड, प्रतिसादाचा पुढचा भाग काढला आहे. १९४८ वर स्वतंत्र धागा जरूर काढा. इथे विषय आजींचा आहे, तोच चालू द्या.

धारवाडी_लेक

माझं माहेर धारवाड, सासर सांगली, म्हणून खास विचारते. आजी कर्नाटकी कशिदा भरायच्या का? सांगली-मिरजेकडे इरकल नेसणाऱ्या बायका भरपूर, त्यामुळे कशिदाही घरोघर असायचा असं सासूबाई सांगतात.

खणभागवाला

भरायची. पण कशिदा कधी विकला नाही. विकायचं ते छापून, आपलं ते मोजून, असा तिचा सरळ हिशेब होता.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: कशिद्याला खाका नसतो. कापडाचे उभे-आडवे धागे मोजत जायचं आणि त्यावर टाका टाकायचा. एक धागा चुकला की पुढचं गोपूर तिरकं. गवंतीत आधी एक सोडून एक टाका टाकत पुढे जायचं, मग त्याच वाटेनं परत येत मधल्या रिकाम्या जागा भरायच्या. मुरगी म्हणजे त्याच पद्धतीनं पायऱ्या-पायऱ्यांची नक्षी. या दोन्हींत कापड उलटं केलं तरी नक्षी तीच. गाठ मारायची सोयच नाही. मला वाटतं आजीला गाठीचा तिटकारा तिथूनच आला.

तिची एक काळी चंद्रकळा आहे. पदराजवळ तुळशीवृंदावन, त्याच्या दोन्ही बाजूंना हत्ती, वर पालखी. दुपारी रुखवताचं काम, रात्री दिव्याखाली ही. काळ्या कापडावर धागे मोजायचे म्हणजे डोळ्यांचं काय होत असेल विचार करा. मांडीवर पांढरा पंचा पसरायची, त्यानं काळ्याचे धागे सुटे दिसतात म्हणे. माझं काम सुया ओवून उशीला टोचून ठेवायचं. दोरा वीतभरापेक्षा लांब घेतला की ओरडा. ‘लांब दोरा आळशाचा.’

धारवाडी_लेक

कशिद्याचे दुसरे दोन टाके, नेगी आणि मेंथी, नाही का केले? हत्तीचं अंग आमच्याकडे नेगीनं भरतात.

खणभागवाला

हत्तीची झूल नेगीची असावी, मागून बघितलं तर तेवढाच भाग पुढच्यासारखा दिसत नाही. नीट फोटो काढून दाखवतो तुम्हाला. तुम्हीच सांगा.

चिंचपट्टी

दादा, खणभाग म्हणजे पुराचं पाणी येतंच. हे सगळं वाचलं कसं?

खणभागवाला

सगळं नाही वाचलं. २००५ ला ट्रंक वेळेत माळ्यावर टाकली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा माळाही पुरला नाही. आम्ही आजीला घेऊन विश्रामबागेत बहिणीकडे होतो. पाणी उतरल्यावर ट्रंक उघडली तर आत बोटभर गाळ. रेशमाच्या लडी गेल्या. खाके गेले सगळे, कागदच तो. वही वाचली, कारण ती पितळेच्या डब्यात लाडवांच्या खाली होती. (लाडू नाही वाचले.)

कापडं आम्ही टाकून देणार होतो. आजी तेव्हा सत्त्याऐंशीची. म्हणाली, घासू नका, ब्रश लावू नका, आधी गाळ नुसत्या पाण्यानं जाऊ द्या. मोठ्या घमेल्यात कापड आडवं बुडवून ठेवायचं, पाणी गढूळ झालं की बदलायचं, कापड पिळायचं नाही. पाणी नितळ राहायला लागल्यावर रिठ्याचं कोमट पाणी. मग दोन पंच्यांमध्ये गुंडाळून दाबून पाणी काढायचं आणि सावलीत, उलट्या बाजूनं वाळवायचं. अँकरच्या दोऱ्यांचे रंग टिकले. सुटा लाल दोरा होता तो मात्र फुटला, दोन रुमाल गुलाबी झाले. चंद्रकळेला काही झालं नाही. ती गाळातून काढली तेव्हा आजीनं आधी उलटी करून पाठ बघितली.

सोन्याची_सुई

आजींनी अगदी योग्य सांगितलं. पुढे ठेवताना त्याच त्याच घडीवर ठेवू नका, घडीत धागा तुटतो. जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळून नळीवर गुंडाळी करा. प्लॅस्टिकच्या पिशवीत मुळीच नको, आपल्या पावसाळ्यात बुरशी धरते. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकतील अशा ठेवू नका.

बुधगावकर

काल रात्रीपासून हा धागा वाचतोय. आईच्या कपाटात एक टेबलक्लॉथ आहे, फिकट पिवळ्या कापडावर कडेनं द्राक्षांचे घोस. लग्न १९६८ चं, माहेर वखारभाग. सोन्याची_सुई ताईंनी सांगितलं तसा कोपरा बघितला. एका भोकातून तीन टाके, मधला लांब. मागं एकही गाठ नाही. देठाचा पीळ तर मला कळत नाही, पण आमच्या मावशीनं भरलेल्या उशीशेजारी ठेवला तर उलटा दिसतोय खरा.

आईला विचारलं. आईचं वय सत्त्याहत्तर, चष्मा लहानपणापासून. ती म्हणाली, ‘मीच केलंय ते. परीक्षेचा अभ्यास करून रात्री भरायचे.’ मी फोटो काढायला गेलो तर घडी करून कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला लावली.

मिरज_जंक्शन

😀 लावणारच!

खणभागवाला

बुधगावकर, काकूंना नमस्कार सांगा. त्यांनीच केलाय म्हणावं. फोटो नको. कोपऱ्याचं वर्णन वाचलं तेवढं पुष्कळ झालं मला.

बुधगावकर

दादा, पुढचं ऐका. आज दुपारी आई स्वतःहून आली, इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, ‘त्या खणभागातल्या बाईंचा नातू म्हणालास, तो राहतो कुठे आता?’ मी विचारलं, का गं? तर म्हणे, ‘त्यांचे दोन खाके माझ्याकडे राहिलेत. एक द्राक्षांचा, एक राजहंसाचा. मधल्या बहिणीच्या वेळी लागतील म्हणून आईनं ठेवून घेतले होते, परत करायचे राहूनच गेले.’ वर्तमानपत्रात गुंडाळून गादीखाली ठेवलेत तिनं. सपाट आहेत, एक कोपरा तेवढा फाटलाय. कुरिअरनं पाठवू का?

खणभागवाला

कुरिअर नको हो, कागद मोडेल. रविवारी मीच येतो बुधगावला. आणि काकूंना विचारून ठेवा, दोन्हीवरून एकेक नक्कल काढून त्यांच्याकडे ठेवली तर चालेल का. रॉकेल कुठे मिळत नाही आता, पण नीळ मी घेऊन येईन.

सोन्याची_सुई

रॉकेलऐवजी टर्पेंटाइन चालतं, रंगाच्या दुकानात मिळेल. दार-खिडक्या उघड्या ठेवून करा. आणि जुन्या खाक्यावर आधी कोरडा बोळा फिरवून बघा, भोकं मिटली असतील तर त्याच भोकांतून टाचणी पुन्हा घालावी लागेल. माझ्या क्लासच्या मुली येतील मदतीला, हवं तर सांगा.